भिंतीपलीकडची स्ट्रॉबेरी

बैलपोळ्याची दुपार : माझ्या भिंतीबाहेर, रस्त्याकडेला तणनाशक फवारले गेले. जबाबदार, फवारणीचा ठेकेदार.
तोच दिवस : दवंडी नाही, फलक नाही. जबाबदार, ग्रामसेवक.
दुसरा दिवस, मुलांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा : माझ्या नातीने तेथलीच फळे खाल्ली. जबाबदार, वरील दोघे आणि त्यांना काम नेमून देणारे सरपंच.

हा क्रम आधी नोंदवतो, कारण गावात तो आता नाकारला जात आहे.

जंगली स्ट्रॉबेरीचे रोप मी निवृत्तीनंतर चिखलदऱ्याहून आणले. सेलू तालुक्याच्या उन्हात ते जगणार नाही, असे सगळ्यांचे मत होते. नळाच्या ओलीवर, कडुलिंबाच्या सावलीत ते जगले. देठाला तीन दातेरी पाने, पांढरे फूल, नखाएवढे फळ आणि बिया फळाच्या अंगावर, उघड्या. मात्र त्याचा खरा स्वभाव जमिनीलगत दिसतो. ते तांबूस दोरे सोडते; दोरा टेकेल तेथे नवे रोप मूळ धरते आणि कितीतरी दिवस आईला जोडलेलेच राहते. असेच दोरे भिंतीच्या फटीतून रस्त्याकडेला गेले होते.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी नात लाकडी बैल सजवत होती.

"आबा, माह्या बैलाले लाल घुंगरं पायजे."

ती बाहेर जाऊन फळे घेऊन आली. दोऱ्यात ओवता ओवता तोंडातही टाकत होती.

"बैल उपाशी अन् मालकीण जेवून राह्यली!" मी म्हणालो. ती खळखळून हसली.

संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. सगळी मुले आपापले बैल घेऊन निघाली; तिचा दारातच राहिला. आदल्या दुपारी भिंतीबाहेर फवारणी झाली होती, हे मला तेव्हा शेजाऱ्यांकडून कळले. सेलूच्या डॉक्टरांनी विचारले, "फवारलं काय होतं? नाव कळल्याशिवाय पुढे काय जपायचं, हे मी नेमकं कसं सांगू?"

मी ठेकेदाराकडे गेलो. तो म्हणाला, "काका, गवताचं औषध होतं ते. पोरीले तिथं चराले कोनं सांगतलं?"

सरपंचांनी तर विषयच संपवला. "तुमच्या भिंतीपावतर फवारणी झालीच नाई. पोरीनं दुसरं काही खाल्लं असंन."

त्यानंतर काही दिवसांनी भिंतीबाहेरची रोपे पिवळी पडली. मग अंगणातली. फवारा आत आलाच नव्हता. पिवळेपणा फटीतून, दोऱ्यादोऱ्याने आत आला. ज्यांचे दोरे मी पूर्वीच तोडले होते, ती रोपे शेजारीच हिरवीगार उभी आहेत. ज्याला शंका असेल त्याने येऊन पाहावे. मी एकही पान उपटलेले नाही.

उलट्या थांबल्या आहेत. पण नात आता सकाळी उठते तेव्हा तिचे डोळे सुजलेले असतात आणि डॉक्टर अजून तोच प्रश्न विचारतात. अंगणातला पिवळेपणा रोज एक रोप पुढे सरकतो. तिच्या शरीरात काय सरकत आहे, हे मला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे, ते गप्प आहेत.

सरपंचांनी तातडीने ग्रामसभा बोलवावी आणि सर्वांसमक्ष उभे राहून त्या औषधाचे नाव सांगावे.