लितानी सांगणारा मामा

जेनीचा फोन आला तेव्हा मी बेसिंगस्टोकच्या ऑफिसात होतो. "दादा, पप्पा गेले. हॉस्पिटलमधून आत्ताच कॉल आला." सांतानमामा गेला... आणि मला आधी रागच आला. शनिवारी येतो म्हणालो होतो ना मी! दोन दिवस थांबायला काय झालं होतं त्याला?

मामा क्रूझवर आचारी होता, मग इंग्लंडात साउथहॅम्प्टनलाच राहिला. वसईतल्या आमच्या गावची मरियामातेची लितानी, म्हणजे तिला एकेका नावाने हाक मारायची प्रार्थना, इथे त्याच्या एकट्याच्याच तोंडी होती. छापील पुस्तकात नसलेल्या हाका होत्या तिच्यात, खाडीत बुडालेल्यांच्या माते, वांझ विहिरींच्या माते... तो एकेक हाक द्यायचा आणि आम्ही सगळे 'आम्हांसाठी विनंती कर' म्हणायचो. चांगला पाऊण तास! मुलं वैतागायची. एका ऑक्टोबरात, चर्चच्या हॉलमध्ये, इथल्या आमच्या वसईकर मंडळाचा सेक्रेटरी म्हणून मी तोंड उघडलं. "मामा, यंदा इंग्लिशमध्ये करू. टेन मिनिट्स, बस्स. माझ्या मोबाइलवर आहे." त्याने तो मोबाइल हिसकावून भिंतीवर फोडला. मी त्याच्या हातातली, माझ्या आजोबांच्या अक्षरातली लितानीची वही ओढली आणि टराटरा फाडली. त्याने पितळी मेणबत्तीदाणी माझ्या कपाळावर हाणली. मी ठोसा मारला, त्याचा पुढचा दात पडला. मरियामातेसमोर मामा-भाचे रक्तबंबाळ, आणि बायका किंचाळतायत. शर्टाने तोंड पुसत तो म्हणाला, "फाड. मला पाठ आहे." त्यानंतर त्याने लितानी कधीच सांगितली नाही.

तो गेला त्याच्या दोन दिवस आधी हॉस्पिटलच्या वॉर्डात मी रेकॉर्डिंग लावून मोबाइल त्याच्यापुढे धरला. त्याने हात झटकला.

"ह्याला नाही सांगायचा मी. तू बस. मी म्हणतो, माझ्या मागून म्हण."

"मामा, आज ट्रेन पकडायचीय. शनिवारी येतो, प्रॉमिस."

दफनानंतर त्याच्या खोलीत आम्ही वीसेक जण जमलो. जेनीने मोबाइलवर इंग्लिश प्रार्थना लावली, तर मी असा ओरडलो की ती रडायलाच लागली. मग हाक द्यायला मीच उभा राहिलो. दोन हाका आठवल्या. तिसरी येईना. वीस माणसं, आणि सगळ्यांना येत होतं ते फक्त उत्तर.

आता शनिवारी मी त्या खोलीत जातो, खिडकीजवळच्या त्याच्या खुर्चीसमोर बसतो. दोन हाका मोठ्याने म्हणतो. तिसरीपाशी आपोआप मुठी वळतात, आणि मारायला समोर कोणीच नसतं.