बाईंचं आमेन

प्रार्थनेच्या मधेच थांबून भाकर उलटायची वाट पाहणारा बिशप अख्ख्या जगात एकच असणार, आणि तो अंबडला आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. मी कोर्टात वकिली करतो, बिनपुराव्याचं बोलत नाही. हे मी रोज सकाळी माझ्या कानांनी ऐकलंय. निवृत्तीनंतर साहेब पुढच्या खोलीत उभे राहून खणखणीत आवाजात प्रार्थना म्हणायचे. एक प्रार्थना झाली की थांबायचे. आतून त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या शाळेच्या बाईंचं, "आमेन" आलं की मगच दुसरी. बाईंच्या हातात भाकर असली तर ती उलटेपर्यंत देवानंसुद्धा खोळंबून राहायचं!

याचं मूळ फार जुनं. साहेब नवे नवे पाद्री झाले तेव्हा पहिली नेमणूक एका खेड्यात मिळाली. ऐन सुगी, सगळं गाव शेतात, आणि देवळात बाकावर एकटी नवी नवरी. तिनं मोठ्यानं आमेन म्हटलं आणि यांची भीड चेपली. पुढं बिशप झाले, अंगावर जांभळा सदरा आला, दाराशी गाडी आली, पण खोड गेली नाही. आष्टीला सुगीच्या उपकारस्तुतीला, म्हणजे पीक आलं म्हणून देवाचे आभार मानायला, मंडप माणसांनी भरलेला. साहेबांनी प्रार्थना संपवली, शेकडो माणसं आमेन म्हणाली, तरी हे डोळे मिटून उभेच. बाई कुठं? तर मागं बायकांबरोबर वरणाच्या पातेल्याशी! कुणीतरी धावत गेलं, आणि मंडपाच्या कापडापलीकडून आवाज आला, "आमेन! आता आवरा हो, वरण लागून राह्यलं!" साहेब हे स्वतःच सांगायचे, आणि वर म्हणायचे, "धर्मप्रांत माझा होता वकीलसाहेब, पण आमेन तिचं."

आशीर्वाद द्यायला त्यांना माणूसच लागतो असंही नाही. वासरू, नवा ट्रॅक्टर, काय वाट्टेल त्यावर हात ठेवतात. आमच्या कपडे धुवायच्या मशीनवरही ठेवला होता. ती महिन्याभरात बंद पडली, तर मिस्त्री येऊन ती दुरुस्त करेपर्यंत हा माणूस अपराध्यासारखा आमच्या मोरीपाशी बसून राहिला.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता माणूस हातचं गेलं. त्यानंतर सकाळी भिंतीपलीकडं पहिली प्रार्थना व्हायची, मग नुसती शांतता. दुसरी यायचीच नाही. रविवारी देवळातून बोलावणं आलं तरी साहेब जाईनात. पुण्याची लेक "चला माझ्याकडं" म्हणून मागं लागली, तिलाही उत्तर देईनात. मला राहवेना. मी जाऊन विचारलं, "साहेब, प्रार्थना अर्धीच का सोडता?"

"सोडत न्हाई हो, थांबून राह्यलो," ते म्हणाले. "जन्मभर लोकांना मातीच्या वेळी सांगितलं, मरण म्हणजे शेवट न्हाई. आता मलाच ते बिलकुल खरं वाटंना. बिशप असून!"

मी घरी येऊन हे बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडं शांतता झाली, आणि आमच्या स्वयंपाकघरातून ही मोठ्यानं ओरडली, "आमेन!" माझ्या हातातला चहा सांडला. मग पलीकडं घोगऱ्या आवाजात दुसरी प्रार्थना सुरू झाली. दुपारी साहेब दारात उभे. "सूनबाई, जरा जल्दी झालं. ती भाकर उलटल्यावर म्हणायची."

तेव्हापासून आमच्या घरी भाकर उलटल्यावर आमेन होतं. लेकीला साहेबांनी "इथंच बरं हाय" असं कळवून टाकलं.

परवा बायको माहेरी, पिंपळगाव रेणुकाईला गेली होती. पहिली प्रार्थना संपली आणि मी थंड तव्यापुढं उभा. कोर्टात आयुष्यभर घसा फोडला, पण तो एक शब्द निघेना. बाईच समोर दिसायला लागल्या, पदराला पीठ पुसणाऱ्या. मला रडू कोसळलं. पलीकडं म्हातारा थांबलेलाच. शेवटी कसंबसं म्हटलं, "आमेन."

भिंतीपलीकडून हळूच आलं, "उशीर झाला वकीलसाहेब. पण पोचलं."