थोरली, धाकटी आणि टोपलीभर बर्फ

माझ्या थोरल्या दिरांनी मनालीहून फोन केला तो नाक्यावरच्या दुकानात, कारण तेव्हा आमच्या घरी फोन नव्हता. ते म्हणाले होते, "बर्फावरच्या दोन गाड्या घेऊन येतोय." दुकानदाराने निरोप पोचवला तो असा: "बरफाच्यो दोन गाड्यो घेवन येतत."

आता आमच्या तोंडवलीत बर्फ म्हणजे एकच, माशांवर घालायचा. त्यात त्या आठवड्यात लाइटीचा खेळखंडोबा चाललेला, बर्फाच्या कारखान्यात लादी जमत नव्हती आणि बांगडे दुपारपर्यंत मान टाकत होते. दोन गाड्या बर्फ येतोय म्हटल्यावर किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्या बायका टोपल्या, क्रेट, गोणपाट घेऊन रस्त्यावर हजर. सर्वांत पुढे माझ्या जाऊबाई. त्या मालवणच्या बाजारात मासे विकायच्या, आणि बर्फ तर त्यांच्या नवऱ्याचा. त्या दिवशी त्यांचा तोरा काय विचारता!

ट्रक आला, फाळका पडला. आत सफरचंदाच्या रिकाम्या पेट्या आणि त्यांच्यामध्ये दोन अवजारं. पुढे घसरगुंडीसारख्या दोन पट्ट्या, मागे चाकांच्या जागी रबराचा रुंद दातेरी पट्टा, वर मोटारसायकलसारखी बसायची जागा. बाजूला भावजी, म्हणजे माझे हे दीर, लष्करी थाटात उभे.

"बरफ खंय आसा?" जाऊबाईंनी विचारलं.

"ही बरफार चलणारी गाडी," भावजी म्हणाले.

एका म्हातारीने पुढे होऊन त्या लोखंडाला हात लावला आणि ओरडली, "ह्या तर गरम आसा गो!" बायका रिकामे क्रेट घेऊन परत फिरल्या. जाताना त्या जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही.

भावजींची हकीकत सांगितली पाहिजे. मिसरूड फुटल्याबरोबर ते फौजेत गेले आणि सगळी नोकरी बर्फातल्या चौक्यांवर काढली. तिथे या बर्फावरच्या स्कूटर दुरुस्त करायला शिकले. पेन्शन घेऊन घरी येतील असं वाटलं, तर मनालीला एका मालकाकडे राहिले. तो पर्यटकांना अशा स्कूटर भाड्याने देई. सुट्टीवर यायचे तेव्हा गाल लालबुंद, पाठ ताठ, केस काळे. बाजारात ते आणि जाऊबाई शेजारी उभी राहिली की अनोळखी माणूस विचारायचा, ह्यो धाकटो भाऊस काय? जाऊबाई उन्हात मासे विकून विकून काळवंडल्या होत्या. त्या हसून "होय" म्हणायच्या. मला त्या "होय"चा भयंकर राग यायचा, पण माझं कोण ऐकतो.

शेवटी जाऊबाईच अडून बसल्या, आता पुरे, घरी या. भावजींनी मालकाशी बोलून तोडगा काढला. आमच्याकडे पर्यटक यायला लागलेच होते. बर्फावर चालते ती गाडी वाळूवर का चालणार नाही? मालकाने एक जुनी आणि एक नवी स्कूटर सोबत दिली. चालेल ती ठेव, उरलेली परत पाठव. एकही चालली नाही, तर दोन्ही घेऊन तूच परत ये, मोसमाला मिस्त्री लागणारच आहे. ट्रक काजू भरायला वेंगुर्ल्याला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत येणार होता. तेवढाच अवकाश.

जाऊबाई दोन्ही यंत्रांभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "खंयचीय चलांदे. पण एक चलाक व्हयी." कुठली का असेना, त्यांना नवरा घरी हवा होता.

बाकी गावाने मात्र लगेच पक्ष पाडले. जुनीला थोरली म्हणू लागले, नवीला धाकटी. आमच्या घरात थोरली सून जाऊबाई आणि धाकटी मी, त्यामुळे त्या दोन दिवसांत माझ्या कानावर काय काय आलं विचारू नका. थोरलीचा बांधा रुंद, वजन भारी, पट्टा आखूड. ती दोरी हिसकल्याशिवाय उठत नाही, उठली की धूर काढते. धाकटी सडपातळ, पट्टा लांब, दात मोठे. बटण दाबलं की लगेच सुरू, आणि दुसरं बटण दाबलं की उलटीसुद्धा जाते. "धाकटेचे दात मोठे," हे माझ्या नवऱ्याने चार माणसांत दोनदा म्हटलं. त्या दुपारी त्यांच्या सोलकढीत मीठ जरा सढळ पडलं.

चालवून बघण्याआधी गाऱ्हाणं घालायला हवं, यावर दोन्ही पक्षांचं एकमत होतं. गावातले एक जाणते नारळ घेऊन पुढे झाले. गाऱ्हाणं घालणाऱ्याने समोरची वस्तू नाव घेऊन देवाच्या पायाशी घालायची असते, आणि इथे तर नावाचीच बोंब.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली, "आज ही जी काय वस्तू हयसर उभी आसा, तिका गाडी म्हणाची काय होडी, ता तुका म्हायत..."

"होय म्हाराजा!" सगळे.

"तिचो जन्म थंडीतलो, तिका हयसरचा ऊन सोसांदे. तिका पुढे जावची बुद्धी दी, आणि लेकराक हयसर रवाची बुद्धी दी!"

"होय म्हाराजा!" इथे राहायच्या या मागण्याला जाऊबाईंचा आवाज सर्वांत मोठा होता.

किनाऱ्यावर थोरलीला आधी मान. दोरी ओढून ओढून भावजींचा खांदा भरून आला तेव्हा ती खोकत उठली, काळा धूर सोडत पाण्याच्या दिशेने चार पावलं गेली आणि मऊ वाळूत जागच्या जागी खड्डा खणून त्यात पोटापर्यंत बसली. होडी ओढतात तशी "हय्या" करत माणसांनी तिला वर काढली. ती पुन्हा बसली. मग धाकटी. ती सुटली ती थेट सुरूच्या बनाकडचा वाळूचा चढ चढून वर. लोकांनी शिट्ट्या मारल्या. खाली उतरता उतरता तिचा लाल दिवा लागला आणि ती बंद पडली.

भावजींनी कपाळावर हात मारला. थोरलीला स्वतःचा पंखा असतो, ती आपली आपण गार होते. धाकटीला पंखाच नाही. तिचा पट्टा खालून बर्फ उडवतो, तो पोटाला लागतो, त्याने ती गार राहते. मनालीत हे कोणाच्या लक्षातसुद्धा येत नाही.

"म्हणजे थोरली आपलोच पदर घेवन वारो घालून घेता," माझा नवरा म्हणाला, "आणि धाकटेक दुसऱ्यान गार करूक व्हया!"

अख्खा किनारा हसला. मीही हसले असते, पण जाऊबाईंचं तोंड मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट आली होती, बर्फही मिळाला होता. जाऊबाई बाजाराला निघायच्या वेळी टोपली घेऊन किनाऱ्यावर आल्या. भावजी धाकटीपाशी बसले होते. "बरफ व्हयो मां तिका? हो घेवा," म्हणत त्यांनी सुरमया वाळूवरच्या गोणपाटावर काढल्या आणि टोपलीतला सगळा बर्फ गाडीसमोर ओतला. एकीने ओतला म्हटल्यावर दुसरी मागे कशी राहील? बाजाराला निघालेल्या बायकांचे क्रेटमागून क्रेट रिते झाले. खाडीच्या मुखाकडे बर्फाची एक पांढरी वाट तयार झाली आणि तिला बांगड्याचा वास येत होता.

भावजींनी बटण दाबलं. धाकटी त्या वाटेवरून जी निघाली! खालून बर्फ, खवले, कोलंबीच्या मिशा उडत होत्या. मागून कावळे, घारी आणि गावचे सगळे कुत्रे धावत होते. लाल दिवा लागला नाही. भावजी मोठमोठ्याने हसत होते. इतकं हसताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. जाऊबाई रिकामी टोपली डोक्यावर धरून काठाकाठाने धावत होत्या, आणि खरं सांगते, मला वाटलं, जमलं.

बर्फ संपला. गाडी थोडी पुढे गेली आणि लाल दिवा लावून थांबली. भावजी मागे वळून, अजून हसतच, म्हणाले, "आणखी थोडो बरफ आसा काय गो?"

रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. गोणपाटावरच्या सुरमयांवर ऊन आलं होतं.

जाऊबाईंनी टोपली खाली ठेवली. त्या रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमी इतकी वर्सां बरफात रवलात, म्हणान ताजे दिसतास. माका खंय कोणी बरफात ठेवलेला?"

मला रडू आलं आणि ते लपवायला मी त्या सुरमया गोळा करायला लागले.

भावजी गाडीवरून उतरले. त्यांनी माणसं बोलावून आधी थोरली ट्रकवर चढवली, मग धाकटी, दोन्ही दोरखंडाने नीट आवळून बांधल्या आणि फाळका लावला. ड्रायव्हरने केबिनचं दार उघडून धरलं. भावजींनी ते बाहेरून लोटून बंद केलं आणि चालत घरी आले.

पुढे कित्येक वर्षं ते बाजारात जाऊबाईंच्या शेजारी बसून मोगरीने लादी फोडायचे. पर्यटक ती गोष्ट ऐकून मुद्दाम विचारायला यायचे, की जुनी चांगली की नवी? मग ते पट्ट्याची लांबी, दात, पंखा, सगळं रंगात येऊन सांगायचे. जाऊबाई थोडा वेळ सांगू द्यायच्या, आणि मग म्हणायच्या, "पुरे आता. बरफ इरगाळता."

ते लगेच बर्फ घालू लागायचे. आधी माशांवर. मग, कोणी बघत नाही असं समजून, एक खडा जाऊबाईंच्या तळहातावर. तो वितळेपर्यंत त्या मूठ मिटून बसायच्या.