सोनपाकळीच्या खोक्यावरचा हात

घरातले सगळे धाकट्या सुनेला डावरी म्हणायचे. नाव ठेवलं होतं थोरल्या जावेने, आणि थोरलीने ठेवलेलं नाव म्हणजे दगडावरची रेघ. डावरी एका कोटाच्या दुकानात काजं करायची, अर्थातच डाव्या हाताने. काज असं की कोट फाटेल, पण काज उसवणार नाही. घरात मात्र चारचौघांत त्या हाताला बंदी होती.

ती लग्न होऊन आली त्याच आठवड्यात थोरलीने तिला ओट्यापाशी उभं केलं आणि पुढ्यात दोन पेले ठेवले, एक भरलेला, एक रिकामा.

"उजव्या हाताने ओत. पाहुण्यांसमोर डावा हात पुढे केलास तर हसं होईल आमचं."

पाणी ओट्यावर गेलं.

"सांडलं? पूस. पुन्हा ओत."

थोरली स्टुलावर बसून, डावरी उभी. ही शिकवणी बरेच दिवस चालली. डावरीचा उजवा हात ढिम्म काही शिकला नाही. ते चार शब्द मात्र तिला तोंडपाठ झाले.

आता सोनपाकळीबद्दल. ज्यांचे केस पिकलेत त्यांना काही सांगायला नको. पिवळा खोका, आत भाजलेल्या गव्हाच्या पाकळ्या. दूध पडलं की कुरकुर आवाज यायचा आणि दोन मिनिटांत लगदा व्हायचा. खरी मजा तळाला. तिथे पिवळट, गोड दूध उरायचं, ते वाडगा तोंडाला लावून प्यायचं आणि आईचा धपाटा खायचा. खोक्यावर एक गुटगुटीत बाळ हसत असायचं आणि वरून एक हात दूध ओतत असायचा. बाळ थोरलीचं. हात कुणाचा, इथेच सगळी गोम आहे.

खोक्यासाठी फोटो काढला त्या दिवशी थोरली नटूनथटून गेली होती. डावरीला बाळाचे लंगोट धरायला नेलं होतं. थोरलीने दुधाचा जग उचलला की बाळ भोकाड पसरायचं. फोटोग्राफर घामाघूम. शेवटी डावरीने रोज सकाळी भरवायची तसा जग उचलला आणि दूध ओतलं. बाळ खुदकन हसलं. फोटोग्राफरने तेवढ्यात काम उरकलं.

खोका छापून आला तेव्हा थोरली म्हणाली, "लेकरू माझं आणि हात जावेचा? लोक काय म्हणतील! आईचा हात म्हणायचं, बस." डावरी नवी नवरी. नवऱ्याकडे पाहिलं, तर तो वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलेला.

पुढे सोनपाकळीचा कारखाना बंद पडला आणि खोक्याचा भाव वधारला. थोरलीने तो काचेच्या चौकटीत बसवून बैठकीत टांगला. आल्यागेल्याला दाखवायची. "हा माझा हात बरं का." पाहुण्यांना गहिवरून यायचं. "आईचा हात तो आईचा हात! ती चव पुन्हा नाही!" मागून डावरी उजव्या हाताने चहा आणायची आणि बशीत सांडायची. मग थोरली हसून म्हणायची, "आमची डावरी. हिच्या हाताला वळणच नाही." अशी चाळीस वर्षं गेली. डावरी ओठ चावायची आणि बशी पुसायची. विसरत मात्र काही नव्हती.

मग कुणा नव्या कंपनीने सोनपाकळी परत आणायचं ठरवलं. खोका जुनाच आणि जाहिरातीत तेच बाळ, तीच आई. थोरलीने नखं रंगवून घेतली. डावरीने दुकानातून सुट्टी मागितली, तेव्हा मालकाला वाटलं, घरात कुणी गेलं.

"तू कशाला येतेस गं?" थोरलीने विचारलं.

"राहू द्या ना जाऊबाई. रुमाल धरायला कुणीतरी हवंच."

स्टुडिओत बाळ मांडी सावरून बसलं. बाळ म्हणजे आता टक्कल, सुटलेलं पोट आणि बँकेतला साहेब. फोटो काढणारी मुलगी चटपटीत होती.

"आजी, जग डाव्या हातात घ्या."

"डाव्या? का?"

"खोक्यावर डावाच आहे की. अंगठा बघा ना."

चाळीस वर्षं रोज काच पुसणाऱ्या थोरलीने खोक्यावरचा अंगठा आज पहिल्यांदा पाहिला. स्वतःच्या तोंडाने ज्याला नावं ठेवली, तोच हात ती मिरवत आली होती.

तिने जग डाव्या हातात घेतला. पहिली धार बाळाच्या मांडीवर. दुसरी कानामागे.

"आई गं!" बाळ ओरडलं.

"आजी, तेव्हा तर झकास ओतलं होतंत," मुलगी म्हणाली.

थोरली डावरीच्या कानाशी लागली. "धर की जरा. हातच तर दिसायचाय."

"मी? छे हो. पाहुण्यांसमोर हसं होईल तुमचं."

"आता अंत नको पाहूस."

"मग तो हात कुणाचा ते सांगा. मोठ्याने. लगेच धरते."

थोरलीने छताकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "हिचा आहे तो हात," ती पुटपुटली.

"बाळाला ऐकू नाही गेलं. त्याच्या कानात दूध गेलंय."

"हिचा आहे! धाकटीचा! झालं समाधान?"

बाळाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "काकूचा? आई, अगं मी शाळेत निबंध लिहिला होता तुझ्या हातावर!"

"मग या ना, तुम्हीच या!" मुलगी खूश झाली.

डावरी उठली. जग हातात घेतला, तोलून पाहिला आणि थोरलीच्या डाव्या हातात परत देऊन तिची बोटं एकेक करून मिटवली.

"अगं, धरते म्हणाली होतीस ना?"

"धरला की. पण खोक्यावर आईच हवी, हे तुमचंच म्हणणं. मी मोडेन होय?"

कोपऱ्यातलं स्टूल ओढून ती समोर बसली. थोरलीने दात आवळून जग वाकवला. दूध टेबलभर झालं, थोडं वाडग्यातल्या पाकळ्यांवर पडलं. डावरीने फडकं पुढे सरकवलं आणि बिघडलेला वाडगा स्वतःकडे ओढून डाव्या हाताने, अगदी सावकाश, लगदा खाल्ला. तळाला पिवळं दूध उरलं होतं. तिने वाडगा तोंडाला लावला आणि काठावरून थोरलीकडे पाहत म्हणाली,

"सांडलं? पूस. पुन्हा ओत."