अर्धलीची घोडी

त्या घोडीला नाव नव्हते. माझ्या मुलीने पहिल्याच दिवशी नाव विचारले, तेव्हा घोडीचे मालक म्हणाले, "नाव कायकू, बेटा? एकच तर आहे. दोन असत्या तर ठेवलं असतं."

सारी पेठ त्यांना चाचा म्हणत असे, म्हणून आम्हीही चाचाच म्हणू लागलो. त्यांचा टांगा बंद होऊन बरीच वर्षे लोटली होती. टांग्याची दोन चाके घराच्या भिंतीला टेकवलेली असत आणि त्यांच्या आऱ्यांवर त्यांची पत्नी, म्हणजे चाची, पोतेरी वाळत घालत. टांग्यामागे उरली होती ती ही एक ठेंगणी, गडद तांबड्या रंगाची घोडी. संध्याकाळी तलावाकाठच्या बागेत ती लहान मुलांना पाठीवर घेऊन फेऱ्या मारी. चाचांच्या अंगणातल्या ज्या पत्र्याच्या शेडमध्ये ती बांधलेली असे, तिथे आता दुचाकी दुरुस्तीचे दुकान आहे. परवा तिथून जाताना पेट्रोलच्या वासातही मला क्षणभर भिजवलेल्या हरभऱ्याचा वास आला. त्या वासाने हे सारे लिहायला बसवले.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. वर्गात हजेरीच्या वेळी 'उपस्थित' एवढे म्हणायलाही तिला धीर गोळा करावा लागे, आणि तो गोळा होईपर्यंत पुढच्याचे नाव पुकारले जाई. हा स्वभाव तिला माझ्याकडूनच मिळाला होता, त्यामुळे मी तिला रागावू शकत नसे. न्यायालयात भाषांतरकार म्हणून मी इतरांची साक्ष कागदावर उतरवत असे. स्वतः तोंड उघडून काही मागण्याचा प्रसंग आला की मात्र तो उद्यावर ढकलत असे.

बागेत घोडीवर बसल्यावर तीच मुलगी मोठ्याने बोले. "चल. थांब. हळू." तीन शब्द, पण खणखणीत. असा आवाज मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता. फेरी संपली की तो आवाजही खाली उतरे आणि घरी येईपर्यंत पुन्हा कुजबुज होऊन जाई. तो आवाज टिकावा, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी रोजच्या पाच मिनिटांच्या फेरीपेक्षा अधिक काही हवे होते. घोडी विकत घ्यावी तर ती बांधायला जागा नाही, आणि चाचा ती विकणारही नव्हते. काही दिवस घोडी आमच्याकडे सोपवाल का, असे विचारायला मी तीन संध्याकाळी बागेत गेले आणि तिन्ही वेळा शेंगदाण्याची पुडी घेऊन परत आले.

शेवटी माझे वडील गावाहून आले. आमचे गाव नातेपुत्याच्या बाजूचे, शेतकऱ्याचे घर. माझी अडचण ऐकून ते म्हणाले, "इकत कशाला घेती? अर्धलीनं घे की."

आमच्याकडे शेळी किंवा गाय अर्धलीने देतात. जनावर एकाचे, सांभाळ दुसऱ्याचा, आणि होणारी पिल्ले दोघांत वाटून. लहानपणापासून पाहिलेली ही रीत शहरातल्या घोडीला लावता येईल, हे मला सुचले नव्हते. वडील त्याच संध्याकाळी मला घेऊन बागेत गेले आणि नमस्कार संपायच्या आत मुद्द्यावर आले.

"चाचा, आमच्या नातीनं तुमच्या घोडीवर लई जीव लावलाय. अर्धलीनं देता का?"

चाचा हसले. "बाबा, ही काय शेळी आहे? हिचं वय बघा. पिल्लू कुठलं वाटायचं?"

"पिल्लू ऱ्हाऊ द्या. दिवस वाटू."

"हौ," चाचा म्हणाले. "दिवस वाटू."

बोलणे उभ्या उभ्या झाले. वडील घोडीचे खूर पाहायला वाकले आणि वार मीच सांगितले. सोमवारी बाग बंद असते, घोडी तेव्हा रिकामीच असते, असे म्हणून सोमवार मी मागून घेतला. त्याला जोडून मंगळवार आणि बुधवार. उरलेले चार दिवस चाचांचे. आमच्या दिवसांचा हरभरा आणि हिरवा घास आम्ही आणायचा, नाल एकदा त्यांनी मारून घ्यायची, एकदा आम्ही. वडिलांनी गुळाचा खडा घोडीच्या पुढे धरला, तिने तो उचलला, आणि त्यांच्या दृष्टीने व्यवहार पुरा झाला.

माझ्या दृष्टीने तो झाला नव्हता. घरी येऊन मी अकरा कलमांचे करारपत्र लिहिले. चाचा पक्षकार क्रमांक एक, मी पक्षकार क्रमांक दोन. सण आला तर काय, पाऊस लागला तर काय, इजा झाली तर दायित्व कोणाचे, सारे नीट मांडले. चांगल्या जाड कागदावर दोन सुवाच्य प्रती केल्या. कोणावर अन्याय होऊ नये, ही माझी भावना खरोखर प्रामाणिक होती. चाचांनी ते माझ्याकडून वाचून घेतले, काही न बोलता उर्दूत सही केली आणि कागद चाचींकडे दिला. चाचींनी तो उलटसुलट करून पाहिला.

"दोघांच्या सह्या झाल्या," त्या म्हणाल्या. "हिचा अंगठा कुठं घ्यायचा?" आणि त्यांनी घोडीकडे बोट दाखवले. आम्ही सगळे हसलो.

पुढचे काही महिने मला आठवतात ते पहाटेच्या उजेडातले. शाळेपूर्वी मुलगी घोडीला मोकळ्या मैदानात नेई. चाचा गुडघे धरत मागून येत. "लगाम ओढू नक्को, बेटा. धरून ठेव. लहान पोराचं बोट धरतो ना, तसं." मी काठावर घासाची पेंडी घेऊन उभी असे. एके दिवशी परतताना एक रिक्षावाला मागून सारखा हॉर्न वाजवू लागला. मुलगी वळली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काका, हॉर्न नका वाजवू! घोडी बिचकते!" रिक्षावाल्याने कानाला हात लावला. मी मात्र त्या दिवशी कचेरीत दोन ओळींचे भाषांतर चुकवले.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी मुलीने खोगीर चढवण्यासाठी घोडीच्या पाठीवरचे पोते काढले आणि ती तशीच उभी राहिली. मानेच्या मागे, जिथे खोगीर टेकते, तिथले केस गेले होते आणि कातडी सोलवटून ओली झाली होती. घोडीची पाठ लागली होती. मुलीने जवळ हात नेताच तिचे सारे अंग थरथरले.

रविवारी बागेत गर्दी असते, चाचांनी फेऱ्या जास्त मारल्या असतील, असे माझ्या मनात आले. तसे आले, हे मी लपवत नाही. पण ते चाचांच्या तोंडावर म्हणायचे कसे? मी घरी गेले आणि पत्र लिहिले. 'करारातील इजेसंबंधीच्या कलम सातकडे आपले लक्ष नम्रपणे वेधू इच्छिते' अशी त्याची सुरुवात होती. चाचींच्या हातात ते ठेवले आणि चहाला न थांबता निघाले.

दुसऱ्या दिवशी गेलो तर चाचा दारातच बसले होते. पत्र त्यांच्या मांडीवर होते. शेजारच्या कोणाकडून त्यांनी ते वाचून घेतले असावे.

"बाई, भांडायला आला असता तर भांडलो असतो," ते म्हणाले. "चिठ्ठी कायकू लिहिली? दहा पावलांवर होतो मी. आत घोडीला हळद लावत होतो."

त्यांनी पत्राची घडी घातली.

"पुढच्या आठवड्यात माझा भाचा येतोय बार्शीहून. त्याच्याकडं शेत आहे. घेऊन जाईल हिला. तुमचं कलम बी सुटलं, माझं बी सुटलं."

मुलगी परतीच्या वाटेवर काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. शाळेतून बाईंचा निरोप आला की हजेरीला उत्तर देत नाही. कुजबुजसुद्धा उरली नव्हती.

मी वडिलांना बोलावून घेतले, आणि त्यांनी माझी बाजू घ्यावी म्हणून माझ्याकडची करारपत्राची प्रत त्यांना वाचून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत होते. अकरावे कलम संपल्यावर त्यांनी बोटे मोजली.

"तुझं तीन दिवस. त्येंचं चार. सात झालं. व्हय ना?"

"हो."

"मग घोडी इसावा घेती कवा?"

मी प्रतीवरची कलमे पुन्हा चाळली.

"आपल्या शिवारात सोमवारी बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत. तुला ठावं न्हाय? सोमवारी तूच बैलांना पाणी दावायला जायचीस की. आन् शेरात येऊन त्योच सोमवार मागून घेतलास?"

मला ठाऊक होते. फ्रॉक घातलेली मी, हातात बादली, आणि दिवसभर सावलीत रवंथ करणारे आमचे दोन बैल. सोमवार हा त्यांचा असे. त्या दिवशी कितीही घाई असो, माझे वडील औत बाहेर काढत नसत. एवढे जवळून पाहिलेले असून मी 'रिकामी' हा शब्द वापरला होता. घोडी सोमवारी रिकामी नव्हती. विसावलेली होती. दोन माणसांत सारखी वाटणी करण्याच्या नादात आठवड्यातला तिचा एकुलता एक दिवस मी उचलून आणला होता. चाचींचा अंगठ्याचा विनोद मला तेव्हा कुठे नीट कळला.

या वेळी कागद घेतला नाही. वडील "येऊ का?" म्हणाले, त्यांना नको म्हटले. मुलगी मात्र आपणहून चप्पल घालून सोबत आली. चाचांच्या दारात पोहोचेपर्यंत मी वाक्य चार वेळा रचले आणि समोर त्यांना पाहताच ते चारही वेळचे विसरले.

"चाचा," मी म्हणाले, "सोमवार तिचा होता. मी घेतला. चूक माझी आहे." आवाज कापत होता, पण निघाला.

चाचांनी भिंतीजवळच्या चाकाच्या आऱ्यावर हात ठेवला. "टांगा होता तेव्हा जुम्म्याला बंद असायचा," ते म्हणाले. "नमाज माझी, आराम तिचा. बागेत जायला लागलो तसा शुक्रवार बी चालू केला. कोणी विचारलं नाही. तिला विचारता येत नाही. चूक एकट्या तुमची कशी, बाई? जुम्मा तर मी खाल्ला."

"आता दोघं मिळून रडत बसा," चाची आतून ओरडल्या. "तोवर चहाचं पाणी होऊन जातं."

मग नवी वाटणी झाली, तीही उभ्या उभ्या. मंगळवार आणि बुधवार आमचे. गुरुवार, शनिवार, रविवार चाचांचे. सोमवार आणि शुक्रवार घोडीचे. पाठ भरून येईपर्यंत सातही दिवस तिचेच.

"आणि बार्शीचा भाचा?" मुलीने विचारले. इतक्या दिवसांनंतरचे ते पहिले वाक्य, आणि ते तिने थेट चाचांना विचारले.

"येऊ दे की. मटण खाईल, जाईल."

मी कराराच्या चाचांकडच्या प्रतीविषयी विचारले. चाचींनी फडताळाकडे बोट केले. मसाल्याच्या डब्यांखाली माझी अकरा कलमे अंथरली होती. "लई चांगला जाड कागद," त्या म्हणाल्या. "तेल खाली उतरत नाही."

पाठ भरायला महिना लागला. मुलगी त्या घोडीवर पुढे चार वर्षे बसली, तिचे पाय खाली लोंबू लागेपर्यंत. पण मला त्या मंगळवार-बुधवारांपेक्षा सोमवारच अधिक आठवतात. आमचा वार नसताना आम्ही त्या दिवशी हमखास जात असू. घोडी एक पाय सैल सोडून उभी असे, हरभरा चावल्याचा आवाज संथपणे येत राही, मुलगी शाळेतल्या गोष्टी मोठ्याने सांगत असे, आणि चाची मध्येच तिची नक्कल करून तिला हसवत.

अशाच एका सोमवारी, लहानपणी शाळेच्या वाटेवरच्या टांग्यांकडे पाहून जे मागायचे राहून गेले होते, ते मी मागितले. "चाचा, मी बसून पाहू का एकदा तिच्यावर?"

मुलगी बोलायची थांबली. चाचांनी घोडीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आज नाही, बाई. आज तिचा वार आहे. मंगळवारी या." आणि मी उठून निघाल्यावर मागून म्हणाले, "पर स्वतः या. चिठ्ठी नक्को पाठवू."