दुपारचा पेशवाज

सातव्या महिन्यात मी सुप्याच्या कंपनीतून रजा घेऊन कर्जतला सासरी आले. मे लागलेला. साडी सोसायची नाही, ड्रेस पोटावर काचायचा, अंगभर घामोळं. अशा वेळी नगरच्या संग्रहालयात पाहिलेलं एक जुनं चित्र सारखं डोळ्यांपुढे येई. गच्चीवर उभी असलेली एक बाई, अंगात पायघोळ पेशवाज, इतका तलम की आतली हिरवी सुरवार दिसावी. छातीखाली दोन बंद आणि तिथून खाली नुसता घेर.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना हे सांगितलं, तर त्या आत गेल्या आणि पेटीतून कोरं मलमलीचं धोतर घेऊन आल्या. मामंजींसाठी घेतलेलं; ते नेसायच्या आधीच मामंजी गेले.

"ह्याचं शिव. लई हलकं हाय."

"आत्या, ह्याला कात्री कशी लावू?"

"लाव की. पेटीत कुनाच्या कामाचं हाय ते?"

धोतर भिजवून वाळवलं आणि वर अरुंद, खाली रुंद अशा कळ्या कापल्या. मशीनवर कापड गोळा व्हायला लागलं, म्हणून हातानंच शिवायला घेतलं. घेराची कड आत्यांनी दुमडली. दुपारी ओसरीवर आम्ही दोघी टाके घालत बसायचो. कापडाचं वजन म्हणून लागायचं नाही. मध्येच डोळा लागायचा, सुई बोटांतच राहायची. पोटात बाळ फिरलं की मांडीवरची मलमल हलायची.

शिवून झाल्यावर दोन दिवस मी तो घालून घरभर हिंडले. तिसऱ्या दुपारी झोपेतून उठले, तर आरशापुढे आत्या, अंगात पेशवाज. जन्मभर नऊवारी नेसलेली बाई.

"हसू नगं."

"नाही हसत."

मी त्यांचे बंद बांधले. त्या हळूच एक गिरकी घेऊन थांबल्या. घेर थोडा वेळ फिरतच राहिला.

"अंगावर काई न्हाईच असं वाटतंय गं," म्हणत त्या फरशीवर आडव्या झाल्या.

तेवढ्यात कडी वाजली. शेजारच्या काकू हाका मारत होत्या. मी आत्यांकडे पाहिलं. त्यांनी डोळेही उघडले नाहीत.

"सांग, आत्या घरात न्हाईत."

मी तसं सांगितलं आणि त्यांच्याशेजारी जाऊन पडले.

उरलेल्या उन्हाळ्यात आम्ही तो पेशवाज वाटून घेतला. सकाळी मी, दुपारी आत्या.