सुपारी दिली की फुटली?

माझा ब्लॉग होता तेव्हा त्याला सात वाचक होते आणि त्यांतले तिघे माझ्याच घरात राहत होते. महिन्यातून एकदा लिहायचं आणि खुशाल झोपायचं. ती झोप मी स्वतःच्या हातानं घालवली. गावाच्या नावानं मोबाईलवर एक पान काढलं, बाजारातल्या गमती आणि फोटो टाकायला लागलो, आणि बेल्ह्यापासून पार आंबेगाव तालुक्यापर्यंतची माणसं त्याला येऊन चिकटली. तेव्हापासून माझा अंगठा स्वस्थ बसत नाही. जेवताना मोबाईल ताटाशेजारी पालथा ठेवतो आणि दर दोन घासांनी उलथून बघतो. बायको म्हणते, "भाकर हाय का ती? खालून भाजली का बघताय?"

यंदा जत्रेचा तमाशा ठरवायला कमिटीनं मला आणि माझ्या थोरल्या भावाला नारायणगावला धाडलं. तमाशा ठरवायचा तर फडाच्या राहुटीत जाऊन सुपारी देतात. लग्न जमलं की दोन्हीकडची मंडळी बसून सुपारी फोडतात. सुपारी तीच, क्रियापद वेगळं. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हा फरक कळतो, मग मला का नाही कळणार? चांगला कळत होता.

फडाच्या मालकानं हौसेनं आम्हा दोघांना फेटे बांधले. येताना आळेफाट्याला चहाला थांबलो. भावाच्या हातात पेढ्यांचा पुडा, डोक्यावर फेटा, मिशी अशी की समोरच्या ट्रकनं वाट द्यावी. मी फोटो काढला. खाली "सुपारी दिली" असं लिहायला बसलो, पण "दिली"त काय मजा? लिहिलं, "सुपारी फुटली! सगळ्यांनी नाचायला यायचं!"

चहा यायच्या आत अभिनंदनं सुरू. "लेकीला आशीर्वाद." "दादा, पावणं कुठलं?" लोकांनी फेटा पाहिला, पेढे पाहिले, "फुटली" वाचलं, आणि भावाची मुलगी लग्नाची आहे हे तर सगळ्यांनाच माहीत. मला तिथंच सगळं कळलं. एका ओळीत मिटलं असतं. पण लाईकचा आकडा चढत होता हो! असा चढत होता की माझे पाय टेबलाखाली ठेका धरायला लागले. मी उत्तर दिलं, "पावणं लई नामी हाय. ढोलकी वाजवतंय."

भावाला काहीच पत्ता नव्हता. तो क्रीमरोल चहात बुडवत होता.

आठच दिवसांपूर्वी घोडेगावची मंडळी पुतणीला बघून गेली होती. मुलगा शाळेत शिक्षक. ही मंचरला लॅबमध्ये रक्त तपासते. दोघं ओसरीवर दहा मिनिटं बोलली, आणि त्यानंतर ही पोरगी, जी कधी गाण्याच्या वाटेला जात नाही, ती भांडी लावताना गुणगुणायला लागली. त्यांच्याकडून निरोप यायचा होता. सगळं घर फोन वाजला की दचकत होतं.

आम्ही घरी पोहोचलो तर ती दारातच उभी.

"काका, माझी सुपारी कुणाशी फुटली?"

मी हसलो. ती हसली नाही. तिनं मोबाईल पुढं केला. मुलाचा मेसेज होता, "अभिनंदन. आमच्याकडूनच उशीर झाला."

"आरं पण आपुन तर तमाशा ठरवून आलो!" भाऊ म्हणाला.

"भावजी," आतून वहिनींचा आवाज आला, "तुमी फडातच राहायचं व्हतं. सोंगाड्याची जागा मोकळी असंल."

मी म्हणालो, "पोस्ट काढूनच टाकतो."

"नको," पुतणी म्हणाली. "काढली की लोक म्हणतील, जमलेलं मोडलं."

"मग मी त्यांना फोन लावू?" भावानं विचारलं.

"पोरीकडचे मागं लागलेत असं व्हतंय ते," वहिनी म्हणाल्या.

राहिलं माझं पान. मी लिहायला बसलो. "रसिकहो" अशी सुरुवात केली. पुतणी म्हणाली, "रसिक नको." दुसऱ्यांदा ढोलकी आली. तिसऱ्यांदा मी सगळा दोष मोबाईलच्या कीबोर्डवर ढकलला. इतकी वर्षं लिहितोय, पण एक सरळ वाक्य माझ्या हातून उतरेना. शेवटी तिनं मोबाईल घेतला आणि लिहिलं, "सुपारी जत्रेच्या तमाशाची आहे. घरात अजून कुणाचं काही ठरलेलं नाही."

या खुलाशाला चार लाईक आले. कुणीतरी लिहिलं, "काय राव, आमी नवा शर्ट टाकणार व्हतो शिवायला."

मी अंगणात फेऱ्या मारत राहिलो. बसलो, उठलो, पुन्हा बसलो. मोबाईल तोच, अंगठा तोच, पण आता आकड्याकडे बघवत नव्हतं. त्या सगळ्या नावांत मी घोडेगावच्या मुलाचं एकच नाव शोधत होतो. पुतणी पायरीवर लसूण सोलत होती. मधूनच मान वर न करता विचारायची, "काय?" मी म्हणायचो, "काही नाही." असं तीनदा झालं. चौथ्यांदा तिनं विचारलंच नाही. ते मला फार लागलं.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं तेव्हा ते नाव आलं. "तमाशाला आम्ही येतो. त्याआधी घरी चहाला आलो तर चालेल का?"

"आगं बाई," वहिनी म्हणाल्या, "हे सगळ्या गावासमोर इचारतंय!"

"गावासमोरच बिघडलं व्हतं," भाऊ म्हणाला.

माझ्या डोक्यात एकदम पाच उत्तरं तयार झाली, एकापेक्षा एक फक्कड. पण पुतणीनं लसणाचे हात ओढणीला नाही, सरळ माझ्या सदऱ्याला पुसले, स्वतःचा मोबाईल उचलला आणि स्वतःच्या नावानं एक अक्षर लिहिलं.

"या."

त्याखाली अजून कुणाचा लाईक नव्हता. पहिला आपला असावा म्हणून मी बोट उचललं, तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं खाली ठेवलं.